फेरतपासणीच्या हुकमाचा विपर्यास

सैनिकांच्या अपंगत्व-निवृत्तिवेतनासंबंधी एका निवृत्त अधिकाऱ्यांनी नुकतेच जे विवेचन केले, त्याचा मथितार्थ असा : सशस्त्र दल न्यायाधिकरणाने दावा मंजूर न करता वैद्यकीय मंडळाकडे फेरतपासणीस परत पाठविला, की तो पोकळ असल्याचे सिद्ध झाले, शिवाय रक्तदाब, अपस्मार हे विकार घरी बसलेल्यासही जडतात, त्यांचा भार सरकारी खजिन्याने का वाहावा?

खजिन्याचा मुद्दा जुनाच आहे. निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच सांगून ठेवले आहे.

विकारांचा आक्षेप मात्र मला सहजी सोडवत नाही. भरतीच्या वेळी ज्याची छाती, डोळे, कान, तळपाय सारे तपासून लष्करी डॉक्टरांनी कागदावर कोणत्याही व्याधीची नोंद केली नाही, तो पुढे व्याधीपायीच सेवामुक्त झाला, तर ती व्याधी सेवेत उद्भवली असे सामान्यतः मानावे, असे त्या पिढीच्या सैनिकांना लागू असलेले १९८२ चे हक्कनियम सांगतात. भरतीच्या तपासणीत ती ओळखू येण्याजोगी नव्हती असे मंडळास म्हणावयाचे असेल, तर त्याची कारणे लिहावीत, असेही तेच नियम बजावतात. आणि सिद्धतेचा भार सैनिकावर नाही, वाजवी संशयाचा फायदा त्यालाच, हेही त्यांतच आहे. १९८५ साली सिग्नल्स दलात भरती होऊन १९९४ साली अपस्मारामुळे घरी धाडल्या गेलेल्या एका जवानाच्या कागदावर मंडळाने व्याधीचा सेवेशी संबंध नाही असा शेरा मारला, कारण मात्र एकही दिले नाही. त्याला सर्वोच्च न्यायालयात न्याय मिळेपर्यंत २०१३ साल उजाडले. इतके होऊनही ‘घरी बसलेल्यासही होतो’ हे पालुपद चालूच राहावे, याची मला चीड येते.

फेरतपासणीच्या हुकमाचा अर्थ तर या गृहस्थांनी साफ उलटा केला. प्रकरण परत जाते ते दावा खोटा ठरला म्हणून नव्हे, तर मंडळाचा निर्णय आहे तसा टिकत नाही म्हणून. त्यात मंजुरी नसते, तशी नामंजुरीही नसते.

असा हुकूम हाती आलेल्या सैनिकाने त्याचा शेवटचा, आदेशाचा भाग आधी वाचावा. नवे मंडळ बसवावयाचे आहे की केवळ कारणे लिहावयाची आहेत, आणि मुदत किती, हे पाहावे. इस्पितळाचे कागद व नेमणुकींचा तपशील घेऊन मंडळापुढे हजर व्हावे. पुन्हा नकार आला, तर त्या नव्या नकारासही आव्हान देता येते. आणि मंडळाने मांडलेली अपंगत्वाची टक्केवारी डोळ्यांत तेल घालून पाहावी. ती २० च्या खाली उतरली, की सेवेशी संबंध मान्य होऊनही हाती बहुधा काहीच पडत नाही.