हिरवे ते सारे जंगल नव्हे

देहरादूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था १९८७ पासून साधारण दर दोन वर्षांनी देशातील वनांचा अहवाल देते. २०२३ च्या अहवालात वनाच्छादन २१.७६ टक्के आहे. मात्र, किमान एक हेक्टर जागेवर दहा टक्के सावली दिसली, की ते वनाच्छादन. मग ती कोकणातली आंबा-काजूची बाग का असेना! सह्याद्रीतले जुने रान तोडून तिथे काजू वाढला, तरी एकूण आकडा तोच राहू शकतो. झाडांची जात, खोडाचा घेर, नवी रोपे, माती हे उपग्रहाला दिसत नाही. त्यासाठी रानात नमुना-क्षेत्रे आखून मोजावे लागते. संस्था तेही करते. पण गाजते ती टक्केवारीच. जंगलाची प्रकृती कळायची, तर रानातली ही मोजणी जिल्हावार लोकांपुढे यायला हवी.