डोंगरमाथा मोकळा ठेवा!

घाटातून जाताना एकदा नीट बघा. झाडीच्या उतारावर उभा असलेला विजेचा टॉवर डोळ्यांत भरत नाही. त्याचं करडं लोखंड मागचा डोंगर पोटात घेतो. तोच टॉवर धारेवर चढवला की कोसभरावरूनही आधी तो दिसतो, मग डोंगर. तारांमधली वीज तेवढीच असते.

वीज आम्हालाही हवी आहे. प्रश्न वाटेचा आहे, आणि बोललं तर वाट बदलते. गोव्यातल्या मोलेच्या अभयारण्यातून तमनार प्रकल्पाची ४०० केव्हीची लाइन जायची होती. अशा लाइनला साधारण ४६ मीटर रुंद पट्टा लागतो. २०२० मध्ये विद्यार्थी, चित्रकार, शास्त्रज्ञ आणि गावकरी त्याविरोधात एकवटले. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय उच्चाधिकार समितीने सांगितलं, जंगलात नवा पट्टा पाडू नका, जुन्या २२० केव्ही लाइनच्या मार्गानेच जा. २०२२ मध्ये न्यायालयाने ते मान्य केलं.

मोलेला अभयारण्याचं कवच तरी होतं. आपल्या गावामागच्या डोंगराला कोण? पर्यावरण परिणामांच्या २००६ च्या अधिसूचनेत वीजवाहिन्या नाहीतच, त्यामुळे जनसुनावणीची सक्ती नाही. भरपाईच्या हिशेबात टॉवरखालची जमीन येते, तारांखालचा पट्टा येतो, पीक आणि झाडं येतात. सकाळी दार उघडल्यावर समोर दिसणारा डोंगर कुठल्याच रकान्यात बसत नाही.

इंग्लंडमध्ये लॉर्ड होल्फोर्ड यांनी १९५९ मध्येच लिहून ठेवलं होतं की टॉवरच्या मागे आकाशापेक्षा डोंगर किंवा झाडी असावी. तिथल्या डॉर्सेटमध्ये तर २०२२ मध्ये निसर्गरम्य टापूतले २२ टॉवर उतरवून तारा जमिनीखाली घातल्या. आधी उभारायचे, मग पैसे मोजून उतरवायचे! हा द्राविडी प्राणायाम आपल्याला परवडणार आहे का?

म्हणून सर्व्हेची माणसं गावात दिसली की त्याच दिवशी मार्गाचा नकाशा मागा. ग्रामसभेत ठराव करा: जुनी लाइन असेल तर नवी तिच्याच कडेने न्या, धार सोडा, उतार धरा, देवळासमोरून, गडावरून टॉवर कसे दिसतील त्याचं चित्र आधी चावडीवर लावा. आणि आजच आपल्या डोंगराचा एक फोटो तारखेसह काढून ठेवा. शाळेतल्या पोरांना त्यावर पेन्सिलीने टॉवर काढू द्या. ते चित्र पाहून गाव बोलेल. फक्त धारेवर पहिला खड्डा पडण्याआधी बोलायला हवं.