कागदावरचा विज्ञानाचा तास

जून उजाडला की प्रत्येक माध्यमिक शाळेतले पर्यवेक्षक आठवडाभर कुणालाच सापडत नाहीत. मोठा ताव, पेन्सिल, खोडरबर घेऊन ते वेळापत्रक बसवत असतात. आपल्यापैकी बरेच जण आयटीत आहेत. मोहल्ल्यातल्या शाळेला मदत करायची म्हटली की आपल्याला जुने लॅपटॉप, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि दहावीचे मार्गदर्शन शिबिर सुचते. वेळापत्रक करून देऊ, असे कुणी म्हणत नाही. ते करून द्यावे असे मला वाटते, पण एका अटीवर.

काम अवघड आहे, यात वाद नाही. एक शिक्षक एका वेळी दोन वर्गांत असू शकत नाही, प्रयोगशाळा एकच, तासिका तत्त्वावरचे सर मंगळवार-गुरुवारच येणार, कारण बाकीचे दिवस ते दुसऱ्या शाळेत शिकवतात. अशा अटी वाढत गेल्या की झटपट उत्तर देणारी युक्ती संगणकाकडेही नाही. 1976 साली इव्हन, इताई आणि शामीर या संशोधकांनी ही समस्या 'एनपी-कम्प्लीट' असल्याचे दाखवले. तरी एका शाळेपुरते उत्तर बहुधा निघते. 'फेट' नावाची मुक्त प्रणाली फुकट मिळते. माहिती नीट भरली तर साधा लॅपटॉपही ताव आणि खोडरबराची सुट्टी करतो.

प्रश्न माहिती भरण्याचाच आहे. समजा, आठवी ते दहावीच्या आठ तुकड्या आहेत. प्रत्येकीला आठवड्यात गणिताचे 7 आणि विज्ञानाचे 7 तास धरा. झाले 112. हे विषय शिकवणारे शिक्षक तीन. प्रत्येकी 30 तास दिले तरी 90. उरलेले 22 तास जगातली कोणतीही प्रणाली बसवू शकणार नाही.

शाळा मात्र बसवते. त्या 22 चौकटींत उर्दूच्या मॅडमचे, इतिहासाच्या सरांचे, कधी चित्रकलेच्या सरांचे नाव येते. वेळापत्रक पूर्ण होते, तपासणीत दाखवता येते. वर्गात त्या तासाला धडा उतरवून घेतला जातो, नाहीतर मुले गप्प बसवली जातात. दोन वर्षांनी त्यातली एखादी मुलगी अकरावीला कला शाखा घेते आणि आपण तालीमच्या जलशात म्हणतो, आपल्या मुलींना सायन्सची आवडच नाही!

म्हणून अट ही: ज्या शिक्षकाचा जो विषय आहे तोच भरायचा. प्रणाली 'जमत नाही' म्हणाली तर जमवून द्यायचे नाही. त्या 22 चौकटींत 'शिक्षक नाही' असे छापून तो कागद संस्थाचालकांसमोर आणि पालक-शिक्षक संघात ठेवायचा.

मुख्याध्यापकांची भीती खोटी नाही. असा कागद बाहेर गेला तर पालक मुले काढतील, पट घटेल, तुकडी तुटेल आणि संचमान्यतेत आहे ते पदही जाईल. पण झाकल्याने चौथा शिक्षक आलेला नाही, हेही खरे. जिथे मंजूर पद रिकामे आहे तिथे हा कागद शिक्षणाधिकाऱ्यांकडच्या अर्जाला जोडता येतो. जिथे पदच नाही तिथे संस्थेने निदान तासिका तत्त्वावर कुणी नेमावे. राज्यघटनेच्या कलम 30 ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था चालवण्याचा हक्क दिला आहे. त्या हक्कावर आपण जलसे भरवतो. विज्ञानाला शिक्षक का नाही, याचा जाबही मग त्याच संस्थेने द्यायला हवा.

शुक्रवारचेही तसेच. जुम्यासाठी शाळा लवकर सुटते किंवा मधली सुट्टी लांबते. त्यात कुणाला गैर वाटायचे कारण नाही. पण वेळापत्रक सहा सारख्या दिवसांचे केले आणि शुक्रवारचे शेवटचे तास नुसते कापले, तर वर्षभर तेच विषय कापले जातात. तिथे बहुधा ग्रंथालय आणि पीटी असते. शुक्रवार छोटा आहे हे आधीच अट म्हणून भरले की हे तास दुसऱ्या दिवशी बसतात.

मुलींची पीटी मुलांच्याच तासाला ठेवली आणि मैदान एकच असले, तर मैदान कुणाला मिळते हे सांगायला नको. दहावीचे जादा तास सकाळी सातला ठेवले, तर पहिली एसटीच साडेसातला पोहोचते त्या गावच्या मुलींनी काय करायचे? हे पर्यवेक्षकांच्या मनात येत नाही असे नाही. खोडरबर झिजवून थकलेला माणूस शेवटी जे बसेल ते बसवतो. संगणकाचा खरा उपयोग इथे आहे. दहा अटी जास्त घातल्या तरी तो कुरकुरत नाही.

माहिती गोळा करायला दोन संध्याकाळी पुरतात. शिक्षकांची यादी, खरे विषय, येण्याचे दिवस, खोल्या. मुलींना विचारा, एसटी किती वाजता येते. आणि शिपाईमामांना विचारा, पावसात कोणती खोली गळते. जुलै-ऑगस्टपुरती ती खोली यादीतून काढा.