इज्जतदार घराची झडती

रहस्यकथा म्हणजे प्रवासात वाचायची आणि उतरताना बाकावर विसरून जायची चीज, असे आपल्याकडचे विद्वान मानत आले आहेत. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; वाङ्मयाच्या दरबारात त्यांना ओसरीवरच बसवले गेले. आमच्या घरांत इब्ने सफींच्या जासुसी कादंबऱ्या उशीखाली ठेवून वाचल्या गेल्या, पण चर्चासत्रात त्यांचे नाव काढायची लाज! याच्या जोडीला दुसरा आक्षेप आहे आणि तो अधिक घातक आहे. घरातला गुन्हा, घरातले दुःख कुणी कादंबरीत आणले की लगेच ओरड होते : खानदानाची इज्जत चव्हाट्यावर मांडली.

आम्हाला हे दोन्ही आक्षेप मान्य नाहीत. चांगली रहस्यकादंबरी चोराच्या निमित्ताने घराची झडती घेते. जे घर झडती देत नाही, तिथल्या पापाचे ओझे सर्वात दुबळ्या माणसाच्या डोक्यावर जाते.

साक्षीला आम्ही विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' ही कादंबरी घेतो. ती १८६८ साली चार्ल्स डिकन्स यांच्या 'ऑल द इयर राउंड' या साप्ताहिकात क्रमशः आली. तिची सुरुवात लंडनमध्ये होत नाही, श्रीरंगपट्टणात होते. ४ मे १७९९ रोजी टिपू सुलतान शहीद झाले आणि इंग्रजी फौजेने शहर लुटले, हा इतिहास आहे. त्यावर कॉलिन्स आपली कथा रचतात. हर्नकॅसल नावाचा अधिकारी शस्त्रागारात मुडदे पाडून खंजिराच्या मुठीतला हिरा उचलतो. त्याचा चुलतभाऊ त्याला रक्ताळलेल्या खंजिरासह पाहतो. पण वार करताना पाहिले नाही म्हणून जाहीर आरोप करत नाही. सगळी हकीकत एका कौटुंबिक कागदात लिहून ठेवतो. गुन्हा दफन झाला, कागद पेटीत गेला, खानदानाचे नाव शाबूत राहिले!

पुढे तोच हिरा हर्नकॅसलच्या मृत्युपत्राने त्याच्या भाचीला, रेचेलला, अठराव्या वाढदिवशी मिळतो आणि त्याच रात्री नाहीसा होतो. सार्जंट कफ सांगतो, घरातल्या सर्वांची कपाटे तपासू. नोकर तयार होतात. नकार देते ती रेचेल. तिने हिरा नेणाऱ्याला डोळ्यांनी पाहिलेले असते. तो तिचा प्रियकर फ्रँकलिन असतो आणि त्याला नकळत दिलेल्या अफूच्या अमलामुळे स्वतःच्या कृत्याचा पत्ताही नसतो. रेचेल प्रेमापोटी गप्प राहते. या गप्पेची किंमत कोण देते? रोझॅना ही मोलकरीण. ती एकेकाळी चोरी करून शिक्षा भोगलेली. म्हणजे संशयाला आयतीच सापडलेली. तीही फ्रँकलिनवर जीव लावून असते. रंगाचा डाग पडलेला त्याचा झग्यासारखा रात्रीचा पोशाख ती लपवते आणि अखेर समुद्रकाठच्या फसव्या वाळूत स्वतःला संपवते. हिरा शेवटी ज्याच्या हाती पडलेला असतो, तो गॉडफ्री धर्मादाय संस्थांच्या सभांत टाळ्या मिळवणारा सद्गृहस्थ. त्याने दुसऱ्याचा विश्वस्त म्हणून सांभाळायचा पैसा उडवलेला असतो.

हे केवळ कल्पनेचे खेळ नव्हते. १८६० साली इंग्लंडमधील रोड गावी केंट कुटुंबातल्या सुमारे चार वर्षांच्या मुलाचा खून झाला. आधी संशय दाईवर. लंडनहून आलेल्या व्हिचर या तपास अधिकाऱ्याने एका गहाळ रात्रपोशाखावरून मुलाची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिच्यावर बोट ठेवले, तेव्हा गहजब झाला. साध्या घरातल्या पोलिसाने सभ्य घरात नाक खुपसावे? मुलगी सुटली, व्हिचरची नाचक्की झाली. १८६५ साली कॉन्स्टन्सने स्वतःच कबुली दिली. कॉलिन्स यांचा कफ आणि तो डागाळलेला पोशाख यांचे मूळ इथे आहे.

कुणी म्हणेल, या कादंबरीत हिऱ्याचे लुटारू म्हणून औरंगजेबाचा सरदारही येतो. मग मुसलमानाने तिचे कौतुक का करावे? आम्ही म्हणतो, ओळ शेवटपर्यंत वाचा. त्या ओळीच्या टोकाला कॉलिन्स यांनी आपल्याच देशाचा अधिकारी उभा केला आहे. तोही १८५७ च्या उठावाला पुरती अकरा वर्षेच झाली होती आणि इंग्रजांचा राग शमला नव्हता, अशा वेळी. स्वतःच्या माणसाला लुटारू म्हणण्याची ही हिंमत आम्हाला हवी आहे.

आमच्याकडे काय आहे? बहिणीचा हिस्सा कुरआनने ठरवून दिला, पण भावांनी 'तिनेच माफ केला' म्हणून कागदावर सही घेतली, अशी घरे आपण ओळखत नाही काय? सून जळाली की स्टोव्हचा भडका, मुलीने विहीर जवळ केली की पाय घसरला. मय्यतीला सगळी वस्ती येते, चाळीसावा होतो आणि त्यानंतर त्या घरात तिचे नावही घेतले जात नाही. यापेक्षा गडद रहस्यकथा कोणती?

यावर हमखास येणारे उत्तर असे : बाहेरचे लोक आधीच आपल्याला बदनाम करतात, आपणच त्यांच्या हाती कोलीत का द्यावे? या भीतीला कारण आहे, हे आम्ही जाणतो. दंगलीत होरपळलेल्या समाजाला सावध राहावेच लागते. पण केंट घराण्याला कोणत्या दंगलीची भीती होती? जगावर राज्य करणारेही इज्जतीचेच कारण सांगतात आणि कोंडीत सापडलेलेही तेच सांगतात. दोन्हीकडे मरते ती रोझॅनाच. शिवाय आपण लिहिले नाही म्हणून ते अलिखित राहत नाही. दुसरे लिहितात आणि मग त्यात द्वेष असतो, दुःख नसते.

म्हणून आमच्या तरुण लेखक-लेखिकांना सांगणे आहे : रहस्यकादंबरी लिहा. खून कुणी केला एवढ्यावर थांबू नका. कोण गप्प राहिले, त्या गप्पेचा फायदा कुणाला झाला, हेही विचारा. कपाटाची किल्ली देण्यास जो नकार देईल, त्याच्यापासूनच सुरुवात करा. मग तो घरातला सर्वात वडीलधारा का असेना.