ज्ञानाची नवी खोती

केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी 'एक राष्ट्र, एक वर्गणी' या योजनेस मान्यता दिली, तेव्हा विद्यापीठीय वर्तुळात तिचे मोठे स्वागत झाले. ते स्वाभाविकही होते. तीस आंतरराष्ट्रीय प्रकाशकांची सुमारे १३,००० संशोधन-नियतकालिके, ६,३०० हून अधिक शासकीय संस्था, जवळजवळ १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये! गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठातील संशोधकाला मुंबईच्या आयआयटीतील संशोधकाइतकेच वाचावयास मिळावे, या उद्दिष्टाशी कोणाही समतावाद्याचे भांडण असू शकत नाही. परंतु एवढी रक्कम खर्चून अखेरीस देशाच्या मालकीचे काय होणार, हा साधा प्रश्न स्वागताच्या त्या गजरात बुडून गेला.

वस्तुस्थिती अशी की, मालकीचे फारसे काहीच होणार नाही. विद्यापीठाचे ग्रंथालय पूर्वी नियतकालिकाची वर्गणी भरी, तेव्हा अंक त्याच्या घरी येत, त्यांची बांधणी होई, आणि पुढे वर्गणी बंद पडली तरी ते खंड फळीवरून कोणी उचलून नेत नसे. आता अंक प्रकाशकाच्या संगणकात राहतात आणि ग्रंथालयास मिळतो तो ठरावीक मुदतीपुरता पाहण्याचा परवाना. करारात खास तरतूद करून घेतली नसेल, तर मुदत संपताच आधी पैसे मोजून वाचलेलेही दृष्टिआड होते. ही भीती काल्पनिक मानण्याचे कारण नाही. २००९ मध्ये अमेझॉन कंपनीने हक्कांच्या एका वादापायी ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' ही कादंबरी ग्राहकांच्या वाचनयंत्रांतून परस्पर पुसून टाकली होती. (कादंबरी नेमकी तीच असावी, हा काव्यगत न्याय!) ग्रंथपाल काल संग्रहाचा रक्षक होता, त्याला आज भाडेपट्ट्याची नोंद ठेवणारा कारकून बनवले जात आहे. याला आधुनिकीकरण म्हणावयाचे असेल तर खुशाल म्हणावे.

कोकणाला ही व्यवस्था अपरिचित नाही. खोत जमीन कसत नसे. तो सरकार आणि रयत यांच्या मध्ये बसे आणि कुळाने पिकवलेल्या भातातून आपला वाटा उचले. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोतीविरुद्ध विधेयक आणले, १९४९ च्या कायद्याने ती नष्ट झाली, आणि १ एप्रिल १९५७ हा 'कसेल त्याची जमीन' या तत्त्वाचा दिवस ठरला. ज्ञानाच्या शेतीत कसतो कोण? संशोधकाचा पगार, प्रयोगशाळा, शिष्यवृत्ती, हा खर्च बहुतांशी जनतेच्या करांतून होतो. लेखाची पारख दुसरे विद्वान करतात, तीही बहुधा विनामोबदला. मग एका कागदावर स्वाक्षरी घेऊन प्रकाशक त्या लेखाचे हक्क आपल्याकडे घेतो आणि तोच लेख त्याच विद्यापीठाला विकतो. हा धंदा किती किफायतशीर आहे, हे एल्सेव्हिएर ज्या उद्योगसमूहात मोडते त्याच्या जमाखर्चावरून कळते. त्याच्या विज्ञान-प्रकाशन विभागाचा नफा उलाढालीच्या ३८ टक्क्यांच्या आसपास असतो. हार्वर्डसारख्या कुबेरानेही २०१२ मध्ये आपल्या अध्यापकांना कळवले की, वर्गण्यांचा हा भार यापुढे पेलणारा नाही.

कुळाने यावर काही तोड काढली की खोताला कायदा आठवतो, हाही जुनाच अनुभव. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील एक छायाप्रतीचे दुकान अभ्यासक्रमातील निवडक प्रकरणांचे संच बांधून विद्यार्थ्यांना देई. त्या दुकानाविरुद्ध २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे तीन बलाढ्य प्रकाशक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यार्थ्यांची बाजू उचलून धरली. स्वामित्वहक्क कायद्याच्या ५२ व्या कलमात अध्यापनासाठी दिलेली मोकळीक संकुचित अर्थाने वाचता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय होता. प्रकाशकांनी २०१७ मध्ये दावा मागे घेतला. हा निकाल कागदी प्रतींना लागला. संगणकावरील लेखांची गोष्ट निराळी निघाली. पैसे न घेता लेख पुरवणाऱ्या 'साय-हब' या संकेतस्थळाविरुद्ध तीन प्रकाशकांनी २०२० च्या डिसेंबरात दावा लावला, भारतातील शास्त्रज्ञांनी त्याच्या बाजूने हस्तक्षेप केला, तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये ते देशात बंद करण्याचा आदेश निघाला. कायद्याच्या चौकटीत त्याचे समर्थन करणे कठीण आहे हे मान्यच. पण ज्या व्यवस्थेत शोधनिबंध वाचण्यासाठी संशोधकाला चोरवाट धरावी लागते, तिचा दोष वाटसरूच्या माथी मारून कोणाला मोकळे होता येणार नाही.

आणि जो कोणत्याही शासकीय संस्थेच्या पटावर नाही त्याचे काय? १९६७ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांतील वाचक, खेड्यातला शाळामास्तर, पदवी घेऊन घरी बसलेली मुलगी, यांच्या करांतून ६,००० कोटी उभे राहतात. त्यांच्यासाठी मात्र दार बंद. शिवाय या साठ्यात मराठीला स्थान कोठून असणार? 'नवभारत' किंवा 'समाज प्रबोधन पत्रिका' यांचे जुने अंक आंतरराष्ट्रीय प्रकाशकाच्या यादीत शोधणे हा भाबडेपणा होय. ते अंक जतन करून, सूची करून सर्वांना खुले करणे हे मराठी मुलखातील विद्यापीठांच्या ग्रंथालयांचेच काम आहे. दुसरे कोणी ते करणार नाही.

ग्रंथालयाच्या इमारतीचीच आता गरज उरली नाही, असे सांगणारे सुधारकही आहेत. त्यांनी एकदा संध्याकाळी कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासिकेत डोकवावे. सहा जणांनी मिळून भाड्याने घेतलेल्या खोलीत राहून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलाला टेबल, दिवा आणि शांतता हवी असते. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर ती उतरवून घेता येत नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यांतला पहिला 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत' हा. तो मांडताना त्यांच्या डोळ्यांपुढे मध्ययुगीन युरोपातले साखळीने फळीला जखडलेले ग्रंथ होते. परवलीच्या शब्दामागे कुलूपबंद झालेला लेख त्याहून मोकळा आहे, असे कोण म्हणेल?

पर्याय नाही असे मात्र नाही. ब्राझीलने १९९० च्या दशकाच्या अखेरीस सार्वजनिक पैशातून 'सायेलो' उभारले, आणि लॅटिन अमेरिकेतील नियतकालिके कोणालाही विनामूल्य वाचता येऊ लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हिएरशी व्यवहार तोडला; आपल्या अध्यापकांचे लेख जगाला खुले करणारा करार पदरात पडेपर्यंत, म्हणजे दोन वर्षे, ते नमले नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी १ जुलै २०२५ पासून आपल्या पैशावर झालेले संशोधन प्रसिद्ध होताक्षणी सर्वांना खुले करणे बंधनकारक केले आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे चालते ते समाजवादाचा शब्द राज्यघटनेत असलेल्या देशाला न पेलावे? भारत सरकारच्या विज्ञान व जैवतंत्रज्ञान विभागांनी डिसेंबर २०१४ मध्येच असे धोरण जाहीर केले होते. त्याच्या अंमलबजावणीचा आग्रह मात्र कोणी धरलेला दिसला नाही.

पीएच.डी.च्या प्रबंधांबाबत हेच घडवून दाखवले गेले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमाने प्रबंधाची संगणकीय प्रत जमा करणे सक्तीचे झाले, आणि आज 'शोधगंगे'तील लाखो प्रबंध कोणीही, कोठूनही, दमडी न मोजता वाचतो. प्रबंधाला जो नियम लागला तो लेखाला लावण्यात अडचण कोणती? प्रत्येक अध्यापकाच्या लेखाची स्वीकृत प्रत ग्रंथालयात जमा झालीच पाहिजे आणि ती सर्वांना खुली राहिली पाहिजे, असा ठराव महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यापीठाच्या विद्यापरिषदेने येत्या बैठकीत करावा. त्यासाठी दिल्लीच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही. सध्याच्या करारांची मुदत २०२७ अखेर संपते. प्रकाशकांशी पुन्हा बोलणी सुरू होतील, तेव्हा हे ठराव टेबलावर असले पाहिजेत.