आधी ब्रेक, मग चाके

आमच्या चोआ चू कांगच्या ब्लॉकच्या कारपार्कमध्ये आमची १९९१ सालची दोन आसनी स्पोर्ट्स कार उभी असते. घरात आम्ही चौघे, त्यामुळे फेरफटक्याला पाळ्या लावाव्या लागतात! यंदा मुलांचा हट्ट होता, तिला नवी अलॉय चाके बसवा. आम्ही नाही म्हटले. दोन दिवस घरात अबोला होता, म्हणून आमची बाजू इथे मांडतो.

मुलांनो, हौसेला मोल नाही म्हणतात. सिंगापुरात मात्र आहे. सीओई दहा वर्षांसाठी वाढवून घ्यावे लागते. आमचे २०३१ मध्ये संपेल. पाच वर्षांचे निम्म्या पैशांत मिळते, पण ते संपले की गाडीची नोंदणी रद्द करावीच लागते. चौदा वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स दीडपट, शिवाय दरवर्षी तपासणी. आणि वयाबरोबर ब्रेकचे रबरी पाइप चिरतात, ते वेगळेच.

चाके जुनी राहिली तर गाडी जुनाट दिसेल, एवढेच. ब्रेक लागला नाही तर? आमच्या सॉफ्टवेअरच्या कामातही नवे फीचर सर्वांना हवे असते. जुन्या चुका दुरुस्त करणाऱ्यासाठी कोणी टाळ्या वाजवत नाही.

म्हणून आमचे मत असे, की देखभाल परवडत नसेल तर सजावट करू नये. चाकांच्या पैशांतून आम्ही ब्रेकचे पाइप बदलले आणि उरलेले २०३१ साठी बाजूला ठेवले. तेव्हा गाडी ठेवायची की नाही, हे मुलांनीच हिशेब मांडून सांगावे.