न्हाणीघरातला निर्धूर बंब

थंडी पडू लागली की बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर अशा गावी घरोघरी गॅस गीझरच्या तक्रारी सुरू होतात. पूर्वीच्या तांब्याच्या बंबाचा धूर डोळ्यांना झोंबत असे, आणि त्यामुळे माणूस आपोआप सावध राही. गीझरला धूर दिसत नाही. म्हणून तो बिघडला असता काय पाहावे आणि न बिघडताही त्यापासून कोणते भय संभवते, या दोन्ही गोष्टी घरातील प्रत्येकास ठाऊक असाव्यात.

नळ सोडताच पाण्याच्या दाबाने गीझरमधील रबरी पडदा सरकतो व एक खटका दाबला जातो. सेलच्या विजेने ठिणगी पडते, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतो. पाणी, सेल व गॅस यांपैकी एकानेही हात आखडता घेतला की गीझर रुसलाच म्हणून समजावे.

ठिणगीची टिकटिक मुळीच ऐकू येत नसेल, तर प्रथम सेल बदलावेत. ते दोन्ही एकदम बदलावेत, जुन्या-नव्याची जोडी लावू नये. तरीही आवाज नसेल, तर पाण्याचा दाब पाहावा. टाकी पुरेशी उंच नसणे किंवा पाणी आत येते तेथील जाळीत कचरा अडकणे, ही नेहमीची कारणे होत. टिकटिक होते पण ज्योत धरत नाही, अशा वेळी सिलिंडर रिकामा आहे की रेग्युलेटर बंद आहे हे पाहावे. पुनःपुन्हा पेटवीत मात्र बसू नये. न जळलेला गॅस साचतो. वीसेक मिनिटांनी गीझर आपोआप विझत असेल, तर तो बहुधा बिघाड नव्हे. अनेक गीझरांत सुरक्षिततेसाठी ती योजना केलेली असते. ती कोणाकडूनही काढून घेऊ नये.

ज्योत निळी असावी. ती पिवळी दिसू लागली किंवा काजळी धरू लागली, तर गीझर त्याच दिवशी बंद करून जाणत्या कारागिरास बोलवावे.

परंतु खरे भय न पेटणाऱ्या गीझरचे नाही. बंद खोलीत विनातक्रार जळणाऱ्या गीझरचे आहे. सिलिंडरमधील प्रोपेन वायू पूर्ण जळण्यास त्याच्या सुमारे २४ पट हवा लागते. दारे-खिडक्या बंद असल्या की प्राणवायू घटतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, हातपाय गळतात, आणि दाराच्या कडीपर्यंत पोहोचण्याचेही बळ उरत नाही.

यास्तव गीझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवावा व पाणी नळाने आत आणावे. तो आतच असेल, तर बाहेर हलवीपर्यंत दार व खिडकी उघडी ठेवून बादल्या भराव्यात, गीझर बंद करावा आणि मगच स्नानास जावे. नाताळात घर पाहुण्यांनी भरलेले असते आणि एकामागून एक स्नाने चालतात. तेव्हा हा नियम विशेष कसोशीने पाळावा.

आत गेलेल्या माणसाने हाकेला ओ दिली नाही, तर संकोच न करता दार फोडावे. त्यास उघड्या हवेत आणावे, गीझर बंद करावा आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. गीझर चालू होता हे डॉक्टरांस न विसरता सांगावे, म्हणजे योग्य उपचार त्वरेने सुरू होतील. घरात गॅसचा वास आल्यास विजेच्या बटणांना हात न लावता रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर कळवावे.

गीझर पेटला नाही, तर फार तर एक दिवस थंड पाण्याने भागवावे लागेल. न्हाणीघराची खिडकी मात्र आजच तपासून पाहावी.